शुक्रवारी बंद पडणारा पंप

कोर्सच्या पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्याने आम्हाला एक पान पाठवलं होतं. नवी भाषा शिकताना प्रोग्रामरना नेहमी पडणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं. मी ते उघडलंसुद्धा नाही. वीस वर्षं प्रोग्राम लिहून पोट भरणाऱ्या बाईला नवशिकी म्हणणारा हा कोण, असं मनात आलं.

मग पंधरा दिवस मी माझे प्रश्न एका वहीत लिहीत राहिले. जुन्या भाषेत डोळे मिटून करत होते ते ही भाषा का करू देत नाही? एकच वस्तू दोन ठिकाणांहून वापरली तर बिघडतं काय? जुनं सगळं पुन्हा लिहायलाच हवं का? आणि हा कंपायलर एवढा ओरडतो का? (कंपायलर म्हणजे आपण लिहिलेलं यंत्राला कळेल असं करून देणारा प्रोग्राम. जुन्या भाषेतला आमचा कंपायलर फार सोशिक होता. काहीही लिहा, निमूट घ्यायचा आणि मग चालत्या यंत्रात आपल्याला तोंडघशी पाडायचा. नव्या भाषेतला आधीच दारात अडवतो.) सोळाव्या दिवशी हट्ट सोडून ते पान उघडलं, तर माझ्या वहीतले सगळे प्रश्न तिथे हजर, जवळजवळ त्याच क्रमाने. माझा एकही प्रश्न माझा नव्हता. चव्वेचाळिसाव्या वर्षी हे चांगलंच झोंबतं.

उत्तरंही होती, नीट, सभ्य, मुद्देसूद. पण मला उत्तरं नकोच होती. मला कोणीतरी समोर बसून, चहाचा कप बाजूला सारून, "काय गो, एवढंही कळत नाही?" असं म्हणायला हवं होतं. मला काकांची आठवण येत होती.

काका म्हणजे आमच्या कंपनीतले जुने प्रोग्रामर. गुहागरकडचे. आमची कंपनी लहान, पाण्याच्या पंपांचे कंट्रोलर बनवणारी. इथे बहरीनमध्ये प्रत्येक व्हिलाला खाली एक टाकी आणि गच्चीवर एक. खालचं पाणी वर केव्हा चढवायचं आणि केव्हा थांबायचं, हे भिंतीवरचा एक डबा ठरवतो. त्या डब्यातला प्रोग्राम आम्ही लिहितो. सोळा वर्षांपूर्वी मी पुण्याची नोकरी सोडून इथे आले, तेव्हा मआमीरमधल्या वर्कशॉपच्या वरच्या खोलीत एसीखाली शाल पांघरून बसलेले काका मला पहिल्यांदा दिसले. बाहेर पंचेचाळीस डिग्री आणि आत हे शाल घेऊन. मला हसू आलं. त्यांनी ते पाहिलं आणि पुढचे तीन दिवस माझ्या एकाही प्रश्नाला उत्तर दिलं नाही.

चौथ्या दिवसापासून मात्र त्यांनी मला हाताशी धरून शिकवलं. त्यांची एक सवय होती. प्रोग्राममध्ये ओळींच्या शेजारी माणसांसाठी टिपा लिहिता येतात, यंत्र त्या वाचत नाही. सगळे त्या इंग्रजीत लिहितात. काका रोमन अक्षरांत मराठी लिहायचे. 'इथे हात लावू नये. लावलास तर मला विचार.' 'पंप चालू करण्याआधी दहापर्यंत मोज, घाई नको.' एके ठिकाणी तर 'हे का चालतं ते माहीत नाही. चालतं म्हणून ठेवलं.' इतरांना काय कळणार, असं मी विचारलं, तर म्हणाले, "दुरुस्तीला शेवटी आपल्यातलंच कोणीतरी बसतं." तोवर कंपनीत आपल्यातले आम्ही दोघंच होतो. म्हणजे त्या टिपा माझ्यासाठी होत्या.

पाण्याची पातळी मोजणारा भाग त्यांनी मला लिहायला दिला. तो माझा पहिला भाग. जनाबियाच्या एका नव्या कंपाउंडमध्ये, म्हणजे एका कुंपणातल्या व्हिलांच्या वसाहतीत, आम्ही तो बसवला आणि दोन आठवड्यांत तिथला पंप बंद पडला. ऐन शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, गच्चीवरची टाकी कोरडी. मॅनेजर दुसऱ्या दिवशी लालबुंद होऊन वर आला आणि हा भाग कोणी लिहिला म्हणून विचारू लागला. माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत काका म्हणाले, "मैंने लिखा है. मैं देखता हूँ." नंतर मला म्हणाले, "तो भाग मी बदलून टाकलाय. आता तो माझा. तू स्क्रीनचं काम बघ." मी सुटले. खरं सांगायचं तर आनंदाने सुटले, आणि ती फाइल पुन्हा कधी उघडली नाही.

पंप मात्र बंद पडतच राहिला. दर दोन-तीन महिन्यांनी, बहुतेक शुक्रवारीच, आणि बहुतेक त्याच कंपाउंडमध्ये. कारण कधीच सापडलं नाही. रीसेटचं बटण दाबलं की पुन्हा चालू. फोन आला की काका सुट्टीच्या दिवशी कंपनीचा पिकअप काढून मआमीरहून जनाबियाला जायचे, बटण दाबायचे आणि येताना बुदैयाच्या रस्त्यावरच्या मळ्यातून जरजीरच्या जुड्या घ्यायचे. ही इथली तिखट पालेभाजी, मुळ्याच्या पाल्याच्या वळणाची. इथली माणसं कच्ची खातात, काका मुगाची डाळ घालून परतायचे. शनिवारी आमच्या घरी डबा यायचा. डबा आला की मी समजायचे, काल पंप बंद पडला.

दहा वर्षं असं चाललं. मग काकांची साठी उलटली आणि व्हिसा वाढवायची वेळ आली. मॅनेजर नवा होता. त्याने तक्रारींची फाइल काढली. तिच्यात जनाबिया, जनाबिया आणि जनाबिया. व्हिसा वाढला नाही. ते गावी परतले तेव्हा मी सुट्टीवर सांगलीला होते. परत आले तर खुर्चीवर शाल घडी करून ठेवलेली. पहिली दोन वर्षं दिवाळीला फोन झाला. मग नुसते मेसेज, आणि मग तेही नाही. भांडण नव्हतं, काही नव्हतं. आज करू, उद्या करू, एवढंच.

आता कंपनीने सगळे जुने प्रोग्राम नव्या भाषेत लिहायचं ठरवलं आणि ते काम माझ्या गळ्यात आलं. म्हणून कोर्स, म्हणून ती वही. कोर्स संपल्यावर मी जुन्या फाइली एकेक करून नव्या भाषेत आणू लागले. काकांच्या टिपा जागोजागी भेटत होत्या. शिस्तीप्रमाणे त्या इंग्रजीत करायला हव्या होत्या. मी जशाच्या तशा ठेवल्या.

पातळीचा भाग आला तेव्हा मी तो काकांचा समजून उघडला. दहा ओळी वाचल्या आणि थांबले. तो काकांचा नव्हता. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत माझा होता, सोळा वर्षांपूर्वी लिहिलेला. एक अक्षर बदललेलं नव्हतं. मधोमध फक्त एक टीप नवी होती. 'इथे काहीतरी आहे. शुक्रवारी बंद पडतो, देवाला माहीत का. मला सापडत नाही. मुलीला सांगायचं नाही.'

मुलगी म्हणजे मी. ती टीप किती वेळा वाचली ते आठवत नाही. मग उठून तोंड धुतलं आणि कामाला बसले, कारण दुसरं काय करणार. त्या ओळी नव्या भाषेत उतरवल्या. कंपायलरने नाही म्हटलं. मी थोडं फिरवून लिहिलं. पुन्हा नाही. संध्याकाळी घरी लॅपटॉप उघडून तेच. चिडून मी भाषेला नावं ठेवायला लागले. नाचता येईना, अंगण वाकडं. माझी मुलगी बारावीला आहे, मराठी सगळं कळतं पण बोलणार इंग्रजीत. ती मागून वाकून बघत म्हणाली, "आई, इट्स टेलिंग यू. जस्ट रीड इट."

नेहमीच्या प्रश्नांच्या पानावर हेच लिहिलं होतं. कंपायलर ओरडतो तेव्हा त्याचं बोलणं शेवटपर्यंत वाचा. मी वाचलं. त्याचं म्हणणं एवढंच होतं की पाण्याच्या पातळीचा आकडा एका जागी ठेवला आहे आणि तिथे दोघं एकाच वेळी हात घालू शकतात. एक, टाकीतल्या सेन्सरकडून आलेला नवा आकडा लिहिणारा, आणि दुसरा, तोच आकडा वापरून पंप चालवणारा. दोघांचा हात एकाच क्षणी पडला की आकडा अर्धा जुना, अर्धा नवा. त्या भलत्या आकड्याने पंपाला वाटायचं की टाकी भरली, आणि रीसेट करेपर्यंत तो थांबून राहायचा. बाकी व्हिलांना गच्चीवर एक टाकी, जनाबियाला दोन, म्हणजे आकडे लिहिणं दुप्पट. शुक्रवारी सगळे घरी, म्हणून पाणी जास्त, म्हणून पंप सारखा चालू-बंद. जितक्या वेळा चालू-बंद, तितकी हात पडायची शक्यता. 'एकच वस्तू दोन ठिकाणांहून वापरली तर बिघडतं काय?' माझ्या वहीतल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं. बिघडलं होतं काकांचं. त्यांची नोकरी गेली होती.

दुरुस्ती चार ओळींची होती. काकांची टीप मी पुसली नाही. तिच्याखाली रोमन अक्षरांत लिहिलं, 'सापडलं, काका. माझंच होतं.'

आता फोन करायला हवा होता. पण मी स्वतःलाच सांगितलं, आधी पंप नीट चालतो का बघू. नवा प्रोग्राम जनाबियाला बसवला. एक महिना गेला, दोन गेले. चार महिने पंप एकदाही बंद पडला नाही आणि मला सबबी उरल्या नाहीत. एका शनिवारी सकाळी त्यांच्या सुनेच्या नंबरवर फोन लावला. तिने फोन त्यांच्या कानाशी धरला.

"काका, मी बोलतेय. बहरीनवरून."

"ओळखला आवाज. कान गेलेत गो, पण एवढे नाही गेले."

मी तब्येत विचारली. डोळ्यांबद्दल विचारलं. यंदा काजू कसा आहे तेही विचारलं, जसा काही माझा काजूचा धंदा आहे.

"ताकाला जाऊन भांडं का लपवतेस?" ते म्हणाले. "विचार काय ते."

"विचारायचं नाही, सांगायचंय. जनाबियाच्या पंपाची चूक सापडली."

ते म्हणाले, "सुनेला सांगतो फोन नीट धर म्हणून. हां, सांग."

मी सांगितलं. दोघांचा हात, अर्धा आकडा, दोन टाक्या. ते मध्येच म्हणाले, "पण शुक्रवारीच का?" मी म्हटलं, शुक्रवारी सगळे घरी असतात काका. "आंघोळी, कपडे, गाड्या धुणं," त्यांनीच पुरं केलं. "हात्तिच्या. एवढंच होय." आणि हसले. हसता हसता खोकले.

"काका, तो भाग माझा होता. तुम्ही त्यातली एक ओळ बदलली नव्हतीत."

"चूक सापडली नाही तर बदलू काय?"

"मग तुमचा आहे असं का सांगितलंत सगळ्यांना?"

"तुझं प्रोबेशन चालू होतं गो. तीन महिने. हातात तिकीट देऊन परत धाडली असती तुला. माझा व्हिसा जुना, मला कोण हात लावतो, असं वाटलं."

"लावला ना पण शेवटी."

"ते पुढचं पुढे. साठी झालीच होती."

मी माफ करा म्हणाले. त्यांना ऐकू गेलं की नाही कोण जाणे. त्यांनी भलतंच विचारलं.

"मग आता शुक्रवारी जनाबियाला कोण जातो?"

"कोणी नाही जात, काका. बंदच पडत नाही आता."

"हां," ते म्हणाले. "बरं झालं." मग हळूच म्हणाले, "शुक्रवारी माझ्या खोलीत एकट्याला बसवायचं नाही गो. भिंती खायला यायच्या. फोन आला पंप बंद म्हणून, की मला बरं वाटायचं. गाडी काढायची, समुद्राच्या कडेने जायचं, येताना जरजीर घ्यायची. कोणाला सांगू नको हे." आणि सुनेने फोन घेतला, कारण त्यांना दम लागला होता.

सोळा वर्षं मला वाटत होतं की त्या माणसाचे शुक्रवार आपल्या पंपाने खाल्ले. आणि त्याच्याकडे जगण्यासारखे तेवढेच शुक्रवार होते.

पुढच्या शुक्रवारी मी गाडी काढली. नवऱ्याने विचारलं कुठे, तर म्हटलं कामाला. जनाबियाच्या त्या कंपाउंडचा वॉचमन जुनाच आहे, त्याने मला ओळखलं आणि घाबरून विचारलं, "मॅडम, फिर बंद हो गया?" मी म्हटलं, "नहीं, ऐसे ही देखने आई." त्याने पंपाच्या खोलीचं कुलूप काढून दिलं. आत डब्यावरचा हिरवा दिवा लागलेला होता आणि पंप वर पाणी चढवत होता. रीसेटच्या बटणावर धूळ बसली होती. करण्यासारखं काहीच नव्हतं. तरी मी तिथे थोडा वेळ उभी राहिले, आणि येताना बुदैयाच्या रस्त्यावर जरजीरच्या दोन जुड्या घेतल्या.