कवळीकाकांची अक्कलदाढ

कवळीकाका गेले आणि चौथ्या दिवशी त्यांची थोरली बहीण त्यांच्याच कामाच्या टेबलाशी ठाण मांडून बसली. समोर कागद, हातात पेन, आणि चेहरा असा की जणू भाऊ गेला तो हिला न विचारता गेला. निधनाची बातमी संध्याकाळी पाचपर्यंत वर्तमानपत्राच्या कचेरीत पोचवायची होती. आत्याबाईंनी ती एकटीनं लिहायची असं परस्पर ठरवून टाकलं होतं.

काका असते तर तिला त्या टेबलाला बोटही लावू दिलं नसतं. तिथे प्लास्टरची पांढरी धूळ, मेणाच्या सुऱ्या, गुलाबी भुकटीची बरणी आणि वरच्या फळीवर ओळीनं मांडलेले अर्ध्या गावाचे जबडे. हो, जबडेच. कवळी करण्याआधी हिरड्यांचा ठसा घेतात आणि त्यावरून प्लास्टरचा साचा ओततात. काकांनी एकही साचा फेकला नव्हता. गावात कुणाचे दात स्वतःचे आणि कुणाचे काकांचे, हे फक्त त्या फळीला ठाऊक. बत्तीशी दाखवत हिंडणारी किती बडी माणसं रोज झोपताना काकांचं काम वाटीत बुडवून ठेवायची! पण काकांच्या तोंडून कधी ब्र निघाला नाही.

"ऐका," आत्या म्हणाली आणि वाचू लागली. "'त्यांच्या मागे बहीण व भाचा असा परिवार आहे.' झालं."

खिडकीशी उभी असलेली काकांची नात वळली. "आणि आई? आणि मी?"

"तुम्ही काय? बातमी सख्ख्यांची असते."

काकांची लेक वाटीत ब्रश धूत होती, तो धुवतच राहिली. काका गेले तेव्हा त्यांच्या हातात कुणाचीतरी खालची कवळी अर्धवट होती. ती हिनं दुसऱ्या दिवशी पूर्ण करून गिऱ्हाइकाच्या घरी पोचवली. लोकांनी नावं ठेवली. ठेवेनात का! रडायला सवड दातवाल्यांना असते, बिनदाताच्याला जेवायचं असतं.

लेक म्हणायची खरी, पण सावत्र. काका पंचेचाळिशीपर्यंत सडेफटिंग, आणि मग एकदम नऊ वर्षांच्या मुलीसकट एका विधवेशी लग्न करून मोकळे झाले. आत्यानं तेव्हा आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारलं होतं, "तयार माल आणलास होय रे?" ते वाक्य लेक विसरली नव्हती. अशी वाक्यं शिळी होत नाहीत, उलट मुरतात.

पहिल्या दिवशी त्या नऊ वर्षांच्या पोरीनं दारातच नोटीस दिली होती, "मी तुम्हाला बाबा म्हणणार नाही."

"नको म्हणूस," काका म्हणाले होते. "आ कर बघू. अगं, ही दुधाची दाढ हलतेय की! जेवताना डावीकडून चाव."

बस. एवढंच. ती त्यांना काकाच म्हणत राहिली आणि ते तिला अक्कलदाढ. का, असं कुणी विचारलं की सांगायचे, "उशिरा येते, येताना ठणकते, आणि जागा नसली तरी जागा करून घेते." मधे तिची आईही गेली, पण बावीस वर्षं दोघं याच टेबलाशी समोरासमोर बसून कवळ्या करत होती.

"आत्या," ती अखेर म्हणाली, "मुलगी, नात. दोनच शब्द. तेवढे घाला."

"मुलगी?" आत्या हसली. "जन्मात एकदा तरी बाप म्हणालीस त्याला? काका, काका करत फिरलीस. काकाची पुतणी होते, मुलगी नाही होत. हवं तर शेजारी म्हणून घालते."

लेकीच्या हातातला ब्रश थांबला. घाव बरोब्बर वर्मी बसला होता. चार रात्री तीही स्वतःला हेच विचारत होती.

"तुम्ही दहा वर्षांत किती वेळा आलात हो त्यांना भेटायला?" नात तडकली. "तीनदा! आणि तिन्ही वेळा—"

"गप्प बस!" लेक ओरडली. ते 'तिन्ही वेळा' घराबाहेर जाता कामा नये, हा काकांचा दंडक होता.

पण आत्या आता पेटली होती. ती उठून उभी राहिली, टेबलावर थाप मारली आणि गरजली, "मला विचारतेस? रक्त कुणाचं आहे गं त्याचं? रक्त कु—"

टक्.

आणि वरची कवळी आत्याच्या तोंडातून सुटली, टेबलाच्या कडेवर आपटली आणि फरशीवर दोन तुकडे होऊन पडली.

आता सांगायला हरकत नाही. 'माझे सगळे दात माझे' असं छातीठोक सांगणारी आत्या चौदा वर्षं काकांच्या दातांनी जेवत होती. ही गोष्ट तिच्या पोटच्या मुलालाही ठाऊक नव्हती. त्या तीन भेटी कवळीसाठीच होत्या आणि तक्रार दर वेळी एकच: "ओरडले की सुटते रे." काका शांतपणे म्हणायचे, "मग ओरडू नकोस. हळू बोललीस की बसते नीट." ती गेली की ते अक्कलदाढेला डोळा मारायचे. कवळीची मागची कड त्यांनी मुद्दाम अर्धी रेघ आखूड ठेवली होती. जेवताना, बोलताना, काही नाही. आवाज चढला की हवा शिरते आणि कवळी टक् करून इशारा देते. सबंध आयुष्यात गिऱ्हाइकाशी केलेली एवढी एकच लबाडी, आणि तीही सख्ख्या बहिणीशी.

बाहेरून आत्याच्या मुलानं दार वाजवलं. "आई, काय पडलं?"

आत्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. उद्या काकांच्या शोकसभेत बोलायचं होतं. गावातला दुसरा कवळीवाला आठ दिवस लावणार आणि आठ तासांत गावभर करणार. तिनं लेकीकडे पाहिलं. विनवणी नव्हती हं त्या नजरेत. शुद्ध संताप होता.

"काही नाही," लेक दाराकडे बघून म्हणाली. "साचा पडला. तुम्ही चहा घ्या."

नात कानाशी लागली. "आई, आधी कागदावर लिहायला लाव. मग हात लाव."

"तोंड अडवून काही मागायचं नाही. आपल्याकडे तशी रीत नाही."

"अगं, पण पाच वाजतील!"

"वाजू देत."

तिनं तुकडे धुतले, चिकट मेणानं जुळवले, कवळीच्या पोटात प्लास्टर ओतलं. ते घट्ट होईपर्यंत आत्या रुमाल तोंडावर धरून लेकीचे हात बघत होती. मग लेकीनं चीर घासून रुंद केली, गुलाबी भुकटी भरली, त्यावर द्रव सोडला, आणि छोट्या कुकरात वीस मिनिटं. सगळं काकांसारखं, अगदी भुकटीची बरणी मिटताना झाकणावर टिचकी मारायचीसुद्धा.

मागच्या कडेशी मात्र ती थांबली. चिमूटभर भुकटी, की चौदा वर्षांची तक्रार मिटली असती. आत्या उपकृत झाली असती, कदाचित दोन शब्दही पडले असते कागदावर. तिनं बरणीकडे पाहिलं. उघडली नाही. कड होती तशीच चकचकीत करून तिनं कवळी आत्याच्या हातात ठेवली.

आत्यानं ती बसवली, जीभ फिरवली. मग मुद्दाम आवाज चढवून पाहिला, "नीट केलीस का गं?"

टक्.

आत्या डोळे बारीक करून बघत राहिली. लेकीनं तोंड सरळ ठेवायचा प्रयत्न केला, पण ओठाचा डावा कोपरा ऐकेना. काकांचाही ऐकत नसे.

"म्हणजे... मुद्दाम!" आत्या फुत्कारली. "त्यानंही मुद्दाम, आणि तूही! चौदा वर्षं! हलकट कार्टी! सगळी बापावर गेलीयस!"

टक्.

नात अगदी गोड आवाजात म्हणाली, "आत्याआजी, हेच लिहायचं होतं. तुम्ही लिहिता की मी लिहू?"

"लोचट मेल्या!" आत्या म्हणाली, पण या खेपेला हळू. पुढच्या वेळी तुटली तर या खोलीखेरीज जायचं कुठे, हाही हिशेब त्यात असेल. ती काही दूधखुळी नव्हती. तिनं कागद ओढला, आणि 'भाचा'च्या पुढे, अगदी कोपऱ्यात, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात 'मुलगी, नात' असं खरडलं. मग पेन आपटून निघून गेली. दारात थांबून सुनावलं मात्र, "उद्या सभेत माझ्या शेजारी बसायचं नाही."

"तुमच्या मागेच बसणार आहे," लेक म्हणाली. "तिथून छान ऐकू येतं."

सकाळी वर्तमानपत्र आलं. छापणाऱ्याला काय ठाऊक कोण कुणावर चिडलंय. त्यानं बहीण, भाचा, मुलगी, नात, सगळ्यांना एकाच मापाच्या अक्षरात बसवलं होतं. लेकीनं ती बातमी कापली, वरच्या फळीवरून एक छोटा साचा काढला, काकांनी तेव्हा घेतलेला, नऊ वर्षांच्या त्या पोरीच्या जबड्याचा, हलत्या दाढेसकट, आणि कागद त्याच्या दातांत धरून ठेवला.