मिठाचे वीस दिवस

शेवंतीआत्याचे ऋण माझ्यावर सर्वांत मोठे. मिठागराच्या बांधावर लुगडे गुडघ्यापर्यंत खोचून बसलेली, काडीने ओल्या चिखलात आकडे लिहिणारी आत्या... बालपण म्हटले की आधी तीच दिसते, आणि तिच्यामागे डोळे दिपवणारे मिठाचे पांढरे ढीग.

ती वडिलांची थोरली बहीण, सातवी शिकलेली. आमच्या घरात तिच्याएवढे कोणीच शिकले नव्हते. मी पाचवीत असताना निवासी शाळेच्या प्रवेशपरीक्षेचा अर्ज तिनेच भरायला लावला. तिथे जागा मिळाली तर बारावीपर्यंतची काळजी मिटणार होती. माझे अडत होते ते गुणोत्तर-प्रमाणापाशी. दुपारच्या सुट्टीत, सुकटीच्या आणि तापलेल्या चिखलाच्या वासात ती मला घेऊन बसे. खाऱ्या वाऱ्याने वहीची पाने कडक झालेली असत. उलटताना त्यांतून मिठाचे कण गळत.

"चार बाया आठ दिसांत शेत लावतात. आठ बाया आल्या तर?"

"सोळा दिवस?"

"बाला, बाया वाढल्या का गप्पा वाढतील, दिस कमीच व्हतील!"

"शेवंते, भाच्याला कलेक्टर करतेस काय?" पलीकडून कोणी बाई हसे.

"व्हय, पयला तुलाच कामाला लावील तो!"

माणसे दुप्पट, दिवस निम्मे – मी घोकले.

परीक्षेला तीच मला एसटीने पेणला घेऊन गेली. वर्गात प्रश्नपत्रिका उघडली आणि त्यात चक्क आमचे मिठागर... सहा मजूर वीस दिवसांत मीठ तयार करतात, तर बारा मजूर किती दिवसांत करतील? मी हरखलो, आणि दुसऱ्याच क्षणी पेन्सिल थांबली. कोंडीत, म्हणजे मिठाच्या वाफ्यात, अडवलेले खारे पाणी उन्हानेच आटते, उन्हानेच मीठ धरते. मुकादम घाई करू लागला की आत्याच त्याला सुनवायची, "माणसं वाढवून ऊन वाढत न्हाय!" पर्यायांत दहा होते, वीसही होते. दहा आत्यानेच शिकवलेले; वीसही तिचेच. घंटा झाली तेव्हा मी वीसचे वर्तुळ काळे केले होते.

बाहेर झाडाखाली ती भाकरी घेऊन बसली होती. मी सांगितले.

"मीबी वीसच लिवलं असतं," ती म्हणाली. मग भाकरी फडक्यात गुंडाळत, "म्हंजे चुकलंच आपलं."

यादीत माझे नाव नव्हते. जागा त्या एका प्रश्नाने गेली की इतरही अनेकांनी, हे कधीच कळले नाही. पण आत्याने ते स्वतःवर घेतले. त्यानंतर ती माझ्या अभ्यासाला बसली नाही. वही पुढे केली की म्हणायची, "आता गुरुजींनाच इचार." मी वही उचलून गुरुजींकडे जायचो.

पुढे गावातल्याच शाळेत शिकलो, एसटीने ये-जा करत पदवीधर झालो. मिठागर बंद पडले, आमच्या कोंड्यांत आता खाडीकाठची तिवराची झाडे माजली आहेत. परवा माझ्या मुलीच्या सरावपुस्तकात तसलेच मजुरांचे गणित आले. मी तिला रीत समजावू लागलो आणि मध्येच आत्याची चिखलातली काडी आठवली. त्याच दिवशी आत्याला पत्र टाकले –

"ती. आत्यास साष्टांग नमस्कार. मीठ वीसच दिवसांत होते. हे मी तुला झाडाखालीच सांगायला हवे होते. तुझे काही चुकले नव्हते. माझी मुलगी या वर्षी त्याच परीक्षेला बसते आहे. रीत मी शिकवतो. तू फक्त ये आणि तिच्या शेजारी बस."