ईशान्येचा उतार

आभाळ तीन दिवसांपासून उज्वला आर्केडच्या गच्चीला टेकलं होतं. श्रावणातला सोमवार. पाऊस काही फार जोराचा नव्हता, पण खंडही नव्हता. सुईतून दोरा ओढल्यासारखा आपला चालूच. सावळीराम नाना डोक्यावर गोणपाटाची खोळ घेऊन सकाळी साडेसहालाच दुकानांपुढच्या अंगणात वाकला होता. चेंबरच्या जाळीवर अडकलेली बदामाची पानं, दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या हातानं ओढून बादलीत टाकायच्या, हे त्याचं रोजचं काम. अंगणातली शहाबादी फरशी त्यानंच वैशाखात बसवली होती. काम संपल्यावर मालकानं, दीपकशेठनं, देखरेखीलाही त्यालाच ठेवून घेतलं.

जाळी साफ झाल्यावर नानानं मेडिकलच्या दारातल्या सुकल्या तोरणाचं एक झेंडूचं फूल तोडलं आणि फरशीवरच्या पाण्यात सोडलं.

ही त्याची जुनी खोड. मखमलाबादच्या शिवारात त्याचा दीड एकराचा मळा होता, मेथी, कोथिंबीर, झेंडूचा. वाफ्यांना पाणी देत दारं धरण्यात अर्धी हयात गेली. मळ्याचे प्लॉट पडले तसा तो गवंड्याच्या हाताखाली गेला आणि फरशीकाम शिकला. बाकीचे कारागीर दोरी लावायचे, नळीत पाणी भरून लेव्हल बघायचे आणि उठायचे. नाना ते सगळं करून वर एक तांब्या पाणी ओतायचा अन् फूल सोडायचा. "पाण्याला कुठं जायचं ते पाण्यालाच इचारावं," म्हणायचा. लोक हसायचे. पण त्याच्या हातची फरशी कधी तुंबली नव्हती.

फूल डुलत ईशान्येच्या जाळीकडं गेलं. जाळीपाशी थांबलं. मग एक गिरकी घेऊन हळूहळू माघारी फिरलं आणि तळघराच्या जिन्याकडं निघालं.

जाळीखाली पाणी जातच नव्हतं.

असं होणार, हे नानाला वैशाखातच कळलं होतं. अंगणाची मूळ जमीन नैऋत्येला, रस्त्याच्या नालीकडं उतरती होती. पण दीपकशेठनं होकायंत्रवाला एक वास्तुतज्ज्ञ आणला, आणि त्यानं सांगितलं, पाणी ईशान्येलाच गेलं पाहिजे, नाहीतर दुकानं चालणार नाहीत.

"शेठ, नाली तर तिकडं हाय," नाना एकदाच बोलला होता.

"भराव टाकून तिकडची बाजू उचला. ईशान्येला शोषखड्डा घ्या, आठ फूट."

काळ्या मातीत शोषखड्डा! काळी माती एकदा पोटभर प्याली की उलटी करते, हे नानाला कोणी सांगायची गरज नव्हती. तरी तो गप्प बसला. कारण त्याच आठवड्यात त्याच्या लेकीची, रूपालीची सासू, विमलाबाई, पिठाच्या गिरणीसाठी तळघरातला गाळा मागत होती, आणि नानाच्या ओळखीवरच शेठ तो द्यायला तयार झाला होता. शेठशी वाद घालावा अन् इहीणबाईचा गाळा जावा? नानानं भराव टाकला. वर विमलाबाईला छातीठोक सांगितलं, "पाण्याची काळजी नको. उतार मी बांधलाय."

आता पाणी जिन्याच्या उंबऱ्याला लागलं होतं. वर दोन बोटं राहिली होती. खाली गिरणीची नवीकोरी मोटार, लोकांच्या दळणाचे डबे. आणि पोरगी ह्या बाईच्या घरात नांदत होती.

विमलाबाई छत्री मिटत, किल्ल्या वाजवत आली. "काय इवाई, अंगणातच शंकराला फूल वाहताय काय? त्र्यंबकला जायचा कंटाळा आला वाटतं!"

"इहीणबाई, आज मोटार चालू करू नका."

"अहो, उद्या मंगळागौर. बाया दारात उभ्या राहतील. बारा डबे पडलेत."

"ते डबे आधी वर आणा. खालचं मेन बटण बंद करा. पाय कोरडे हायेत तवरच."

विमलाबाईचं हसू गेलं. तिनं उंबऱ्याकडं पाहिलं, मग नानाकडं. "तुम्ही तर म्हणाला होता..."

"म्हणालो होतो."

विमलाबाईनं छत्री टाकली आणि मेन बटण बंद करायला खाली उतरली.

त्यानं मेडिकलवाल्याच्या फोनवरून शेठच्या घरी फोन लावला. शेठच्या बायकोनं, उज्वलावहिनींनी उचलला. "ते पहाटेच त्र्यंबकला गेलेत. दुपारी येतील. पण नाना, फरशीला हात लावू नका हं. वास्तूचं काम आहे, ते चिडतील."

"बरं," म्हणून नानानं फोन ठेवला. दुपारपर्यंत पाऊस थांबणार नव्हता. त्यानं बादली खाली ठेवली. मग खोळ काढून फेकली आणि पहार, कुदळ आणली.

पहिल्या फरशीखाली पहार घातली. आपणच सिमेंटानं बसवलेली, आपल्यालाच उचकटायची. ईशान्येपासून नैऋत्येपर्यंत एक सरळ रांग त्यानं उपटत नेली. खालचा मुरूम कुदळीनं ओढून चारी पाडली. जाळीपाशी वीतभरच खोल, रस्त्याकडं हातभर. भरावाखाली जुनी जमीन तशीच उतरती होती. तिला कोणी वास्तू सांगितली नव्हती. फक्त तिच्यापर्यंत पोचायचं होतं.

डबे वर आणून झाल्यावर विमलाबाईनं पदर खोचला आणि घमेलं घेतलं.

"तुम्ही राहू द्या, इहीणबाई. कसं दिसतं ते?"

"मोटार बुडाल्यावर कसं दिसंल?"

पाणी उंबरा ओलांडून पहिल्या पायरीवर उतरलं. मग दुसरी पायरी ओली झाली. नाना मागं न बघता खणत होता. शेवटची फरशी रस्त्याच्या कडेची; ती निघेना. त्यानं पहार खाली घालून सगळं अंग तिच्यावर टाकलं. फरशी मधोमध फुटली, अन् चारीतलं पाणी नालीत धो धो पडलं. नानानं दुसरं फूल सोडलं. ते सरळ रस्त्याकडं गेलं, एकदाही थांबलं नाही.

जिन्यात उतरणारी धार तिसऱ्या पायरीवर बारीक होऊन थांबली.

विमलाबाई पायरीवर टेकली. "रूपालीला नाय सांगणार," ती म्हणाली. "पण वैशाखात का नाय बोललात?"

"तुमचा गाळा जाईल म्हणून."

"गाळा गेला असता तर दुसरा बघितला असता. दुसरा इवाई कुठून आणू?"

 नाना हातातल्या पहारीला चिकटलेला मुरूम बोटानं काढत राहिला.

दुपारी दीपकशेठ कपाळाला भस्म लावून, प्रसादाची पुडी घेऊन आला. उपटलेल्या फरशा बघून त्याचा आवाज चढला. "नाना, हे काय केलंत? विचारायचं तरी!"

नानानं त्याला जिन्यापाशी नेलं आणि तिसऱ्या पायरीवरची चिखलाची रेघ दाखवली. शेठनं वाकून ती बोटानं पुसून पाहिली. मग म्हणाला, "चारीवर लोखंडी जाळी टाकून घ्या. अन् ईशान्येला रोज एक तांब्या ओतत जा. कोणी विचारलं तर पाणी तिकडंच जातं म्हणायचं."

"आणि मला ठेवणार?"

"ते नंतर बघू." शेठ प्रसाद न देताच निघून गेला.

खाली विमलाबाईनं मोटार हातानं चाचपून पाहिली, कोरडी होती. मेन बटण लावलं, पट्टा चढवला. गिरणी घरघरली. नानानं बादली उचलली आणि चारीच्या तोंडाशी आलेली बदामाची पानं एक एक करून काढू लागला.