साडूभाऊंचा पेचकस

यमाशी हुज्जत घालून त्याला दारातून परत पाठवील असा माणूस अख्ख्या रायपुरात एकच आहे, आणि तो माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे. आम्ही त्यांना साडूभाऊ म्हणतो. त्यांच्या घराण्यात हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार आहे; वडील आणि मोठे भाऊ दोघेही पंचेचाळिशीच्या आत चालताबोलता गेले. साडूभाऊंनी आपला पंचेचाळिसावा वाढदिवस चौबे कॉलोनीत मांडव घालून केला आणि जेवायला आलेल्या प्रत्येकाला विचारलं, "काहून, शेवटचं पाहाले आले का?" आज ते एकसष्ट वर्षांचे आहेत आणि दर वाढदिवसाला हाच प्रश्न विचारतात.

रायपूरजवळच्या उरला इथल्या रोलिंग मिलमध्ये ते फिटर लोकांचे फोरमन होते. लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं, टोक मशीनला आणि मूठ कानाला लावून आतलं बेअरिंग कसं आहे ते सांगायचे. ही खोड घरीही सुटली नाही. मिक्सर, कूलर, शेजाऱ्यांची पाण्याची मोटर, सगळ्यांची नाडी त्यांनी पेचकसाने पाहिलेली आहे. माझ्या स्कूटरला त्यांनी "आठ दिवस" दिले होते. ती सहाव्या दिवशी बंद पडली, हे मी त्यांना अजून कळू दिलेलं नाही.

पुढे जिना चढताना त्यांना घेरी यायला लागली. जाड झालेली मधली भिंत रक्ताची बाहेर पडायची वाट अडवत होती आणि गोळ्या पुऱ्या पडत नव्हत्या. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून भिंत तासू. साडूभाऊ म्हणाले, "माही छाती उघडायची नाही. दुसरं सांगा." दुसरं म्हणून पेसमेकर बसवला. तो ठोक्याचा क्रम बदलतो, त्यामुळे ती भिंत वाटेतून जराशी बाजूला राहते. सगळ्यांना लागू पडत नाही म्हणे, यांना पडला. पहिल्याच तपासणीला त्यांनी पिशवीतून पेचकस काढला आणि मान वाकडी करून स्वतःच्याच छातीला लावला.

"अंकल, इससे कुछ सुनाई नहीं देगा," डॉक्टर म्हणाले.

"हव. आवाज नाही म्हणजे बेअरिंग चांगलं."

असा हा माणूस एकाच गोष्टीला भ्यायचा. डॉक्टरांनी त्यांच्या मुलीचीही सोनोग्राफी करून हृदय बघायला सांगितलं होतं. मुलगी सव्वीस वर्षांची, बँकेत नोकरीला. साडूभाऊंनी दोन वर्षं टाळलं. नातेवाईक तर म्हणतच होते की आधी लग्न होऊ द्या. एका रविवारी ती चहा पीत बसलेली असताना त्यांनी तिच्या पाठीला पेचकस लावला आणि जाहीर केलं, "पोट्टी एकदम ओके."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "साडूभाऊ, ती काय पाण्याची मोटर आहे?" महिनाभर ते माझ्याशी बोलले नाहीत.

मुलगी मात्र एकटीच जाऊन तपासून आली. तिचीही भिंत जाड निघाली. वाट अजून मोकळी होती. साडूभाऊंनी रिपोर्ट दोनदा वाचला. "माह्या घराण्यानं दिलं तुले," एवढंच म्हणाले.

ती नेहमीसारखी हिंदीत बोलली. "पापा, दादाजी को पता नहीं था. मुझे पता है."

लग्नाचं होईपर्यंत हे लपवा, असं सांगायला आलेल्यांना त्या संध्याकाळी साडूभाऊंनी फाटकापर्यंत पोचवलं. "जो पोट्टा रिपोर्ट पाहून पळते, तो इथूनच पळालेला बरा," म्हणाले. पेचकस तेव्हापासून खिळ्याला टांगलेला आहे.

आता दर वर्षी तिची तपासणी असते. ती आत जाते आणि साडूभाऊ बाहेर बाकावर बसतात, एक हात पेसमेकरवर ठेवून. मला फार वाईट वाटतं त्यांना तसं बघून. गेल्या खेपेला एकजण रांग मोडून पुढे घुसला, तरी ते काही बोलले नाहीत. शेवटी मीच उठून भांडलो.