भांडणाचा उपास

इनास वीस वर्षं माडावर चढत होता आणि वीस वर्षं माडाला घाबरत होता. ही गोष्ट त्याच्या बायकोला, थेरेसाला, सोडून कोणालाच ठाऊक नव्हती. अर्ध्या माडावर पोचला की तो खोडाला चिकटून बसे. त्यावर दोघांनी उपाय काढला होता. थेरेसाने खाली उभं राहून भांडायचं.

"तुझ्या आयशीने मला लग्नात फुटकं पातेलं दिलं!" ती ओरडे. इनास वरून तावातावाने उत्तर देई आणि त्या रागातच शेंड्याला पोचे. तोंड चालू असलं की भीती मुकाट बसते म्हणे. गावाला वाटे, या दोघांचं अजिबात पटत नाही. आम्ही तर नारळापेक्षा भांडणासाठीच जमायचो.

अठ्ठ्याण्णव साली फादर रोनाल्ड नवे आले. भला माणूस, पण चौकशी न करता भलं करायला निघणारा. राखेच्या बुधवारी, ईस्टरआधीचे उपास सुरू होताना, त्यांनी थेरेसाला गळ घातली, "ईस्टरपर्यंत मटण खाल्लंस तरी चालेल, भांडण सोड." तिने देवासमोर कबूल केलं. त्याच दिवशी इनासची कंबर धरली, ती पाच आठवडे सुटलीच नाही.

पण ईस्टरच्या आदला, झावळ्यांचा रविवार तोंडावर आला. देवळात वाटायच्या झावळ्या काढायला नाही कसं म्हणणार? शनिवारी सकाळी इनास कमरेला कोयता लावून चढला. खालून थेरेसा गोड आवाजात म्हणाली, "अहो, जपून हां."

जन्मात पहिल्यांदा 'अहो' ऐकून इनास जागीच थिजला. वर जाईना, खाली येईना. माडाला मिठी मारून, डोळे मिटून म्हणाला, "थेरेज, मी पडनार. कायतरी बोल गो!"

थेरेसाला रडू फुटलं. झावळ्या न्यायला आलेल्या फादरांना तिने सगळं सांगून टाकलं. फादर पांढरेफटक पडले.

"अगं, मग भांड! देवाला मी सांगतो, तू भांड!"

अडतीस दिवसांचं तुंबलेलं एकदम सुटलं. "मेल्या, कंबर धरली म्हने! पाच आठवडे बसून माझ्या भाकऱ्या गिळल्यास!"

इनासने डोळे उघडले. "भाकऱ्या? कौलं होती ती!"

भांडत भांडत तो शेंड्याला पोचला, झावळ्या तोडल्या आणि भांडत भांडतच उतरला. पाय जमिनीला लागले तरी थेरेसा थांबेना.

"बस की आता. उतरलो ना मी?"

"तू उतरलास. मला भ्या वाटतंय, त्याचं काय?"

दोन्ही हातांनी त्याचा सदरा घट्ट धरून ती भांडत राहिली, आणि वीस वर्षांत पहिल्यांदाच इनासने एकाही शब्दाला उत्तर दिलं नाही.