पाठ भितीले

"पाठ भितीले, तोंड दाराले," असं म्हणत ती माझ्या टेबलासमोरचं स्टूल उचलायची, भिंतीपाशी नेऊन ठेवायची आणि मगच बसायची. तिथून ती बोलली की सगळ्या कचेरीला ऐकू जाई.

तुम्हीही पाहिलं असेल, सरकारी कचेरीत आलेला गरीब माणूस स्टुलाच्या कडेवर टेकतो, निम्मा उभाच असतो. ही बाई ऐसपैस बसे. फक्त डोळे दारावरून हलत नसत. शिपाई चहा घेऊन आत आला तरी तिचा हात पदराखाली जाई. तिथे चरख्याची टोकदार लोखंडी चाती असते, हे मला पुढे कळलं.

ही ऐंशीनंतरची गोष्ट. निराधारांना दरमहा सरकारी अनुदान नुकतंच सुरू झालं होतं आणि नागपूरच्या आमच्या कचेरीत ते अर्ज माझ्याकडे असत. तिचा नवरा सावनेरकडच्या एका खेड्यातला. त्याला सोडून तिला दोन वर्षं झाली होती. विणकरांच्या वस्तीत शेवंता नावाची तिची मैत्रीण होती, तिच्या घरी ती राहत होती. शेवंताच्या हातमागासाठी दिवसभर चरख्यावर सुताच्या कांड्या भरायची.

घर का सोडलं, म्हणून मी विचारलं तेव्हा तिने बाही वर सारली. मनगटापासून वर एकेका व्रणावरून बोट फिरवत गेली.

"हा पोळ्याचा. हा होळीचा. अन् हा असाच, बिनासणाचा."

मग केस बाजूला केले. टाळूवर बोटभर लांबीचं टक्कल होतं. "ही कुऱ्हाड. उलटी धरली होती म्हनून तुमच्यापुढं बसून आहो, बाबू."

शेजारच्या टेबलावरचे दोघे हसले. तीही हसली. मीही हसलो.

अर्जात एक रकाना होता : अर्जदार कोणाच्या आश्रयाने राहते? मी लिहिलं, मैत्रीण. साहेबांनी कागद परत पाठवला. आश्रय आहे, तर निराधार कशी?

तिला हे सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "आश्रय म्हंजे?"

"राहायला जागा, खायला अन्न."

"जागा मागच्या पडवीत हाये. अन् बसून नाही खात मी, कांड्या भरतो. शेवंता आपल्या पोरायच्या ताटातलं काढून मले वाढते, त्याले तुमी आधार म्हनता काय? मले माह्या दाराची कडी पायजे, बाबू. खोलीचं भाडं निघालं की बस."

साहेबांनीच वाट काढून दिली. नवरा सांभाळ करत नाही असा त्याचा जबाब आणा, मग मैत्रिणीचं घर आड येणार नाही.

ती स्टुलावरून उठून टेबलाशी आली. पाठ दाराकडे झाली, हे तिच्या लक्षातही आलं नाही. "त्याले इचारू नका. बाकी काहीबी करा."

"एकच प्रश्न विचारायचा आहे," मी म्हणालो. "नियम आहे."

तो प्रश्न मीच टाइप करून त्याच्या गावी नेला होता. नवऱ्याने अंगणात खाट टाकली, गुळाचा चहा दिला. हळू बोलणारा माणूस. त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून मी वाचून दाखवलं : "तुमची पत्नी सध्या नागपुरात विणकर वस्तीत, सार्वजनिक विहिरीमागे, शेवंता हिच्या घरी मागील पडवीत राहत असून तुम्ही तिचा सांभाळ करीत नाही, हे खरे आहे काय?"

"अजून एक बार वाचा, साहेब. अडानी मानूस आहो."

मी पुन्हा वाचलं. सावकाश, शब्द सुटे करून. शाळेत मला वाचनाचं बक्षीस मिळालं होतं. माझ्यामागोमाग त्याचे ओठ हलत होते. विहिरीमागे. मागील पडवीत.

पहिल्यांदा वाचताना माझी चूक झाली, असं म्हणता येईल. दुसऱ्यांदा वाचताना मला कळलं होतं. त्याचे ओठ पाहून कळलं होतं. पण जबाब हवा होता आणि परतीची बस गाठायची होती. हे आजवर मी कोणालाही, घरीसुद्धा, सांगितलेलं नाही.

"खरं हाये," म्हणून त्याने अंगठा दिला.

चौथ्या दिवशी भर दुपारी तो आला. पुढच्या दाराकडे फिरकला नाही. विहिरीला वळसा घालून सरळ मागच्या पडवीत शिरला. तिचं तोंड पुढच्या दाराकडे होतं. पहिलं दांडकं खांद्यावर बसलं. शेवंता मध्ये पडली, तर दुसरं तिच्या मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज गल्लीतल्या बायकांनी ऐकला. मग तो बायकोला केसांना धरून विहिरीकडे फरफटत नेऊ लागला. चरखा लाथेने उडाला. सूत तिच्या पायांत गुंतलं, लाल झालं. विहिरीच्या कठड्यापाशी तिने पदराखालची चाती काढली आणि मुठीपर्यंत त्याच्या मांडीत घातली. तो गुरासारखा ओरडत पळाला. चौकीत नवरा-बायकोचं भांडण म्हणून नोंद झाली.

हे मला शेवंताने सांगितलं, उजवा हात गळ्यात बांधलेल्या शेवंताने. पडवी रिकामी होती. ती निघून गेली होती.

"थांब म्हनलं मी तिले. म्हने, माह्यापायी तुहा हात गेला वं." मग माझ्याकडे बघून तिने विचारलं, "त्याले पडवी कोनं दाखवली, बाबू?"

"चौकशी करतो," मी म्हणालो.

त्याच जबाबावर तिचं अनुदान मंजूर झालं. मी शेवंताकडे निरोप ठेवला. पंधरा दिवसांनी ती आली. डोक्याला फडकं, डावा कान सुजून काळा. तिचं स्टूल भिंतीपाशीच होतं. ती बसली नाही.

मी मंजुरीचा कागद पुढे केला. "झालं तुमचं काम. आता फक्त नवा पत्ता सांगा, म्हणजे लिहितो."

पेन उघडून मी वाट पाहत राहिलो. ती बराच वेळ माझ्या ओठांकडे पाहत होती.

"तुमाले?" ती म्हणाली.

मग तिने भिंतीपाशी जाऊन स्टूल उचललं, माझ्या टेबलासमोर, इतर लोक बसतात तिथे नीट ठेवलं आणि निघून गेली.