पुढच्या पडावात आई

स्ट्रेचर बोटीच्या शिडीवरून खाली चाललं होतं. स्ट्रेचरवरच्या बाईचा नवरा एका हाताने तिच्या अंगावरची चादर सावरत होता आणि दुसऱ्या हाताने पोराला माझ्याकडे ढकलत होता. "सायब, ह्येला जरा बगा. तिला दवाखान्यात पोचवतू नि येतू." मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. तोवर तो खाली किनाऱ्याकडे जाणाऱ्या पडावात पोचला होता. पडाव सुटताना त्याने वर बघून पोराला ओरडून सांगितलं, "सुन्या, रडू नको हां. आई फुडच्या पडावातनं येतेय."

ही ऐंशीनंतरच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. मी मुंबई-गोवा बोटीवर पर्सर होतो. पर्सर म्हणजे तिकिटं, केबिन, सामान आणि प्रवाशांच्या शिव्या, हे सगळं ज्याच्या वाट्याला येतं तो माणूस. माझ्या आधीच्या पर्सरने मला दोनच गोष्टी शिकवल्या होत्या. बोट कधी सुटणार हे नक्की ठाऊक नसेल तर वेळ सांगायची नाही, लोक बोलतील ते ऐकून घ्यायचं. आणि बोट येणारच नसेल तर तेवढं मात्र लगेच सांगायचं, म्हणजे माणूस ट्रंकेवर बसून राहत नाही, दुसरी सोय बघतो.

रत्नागिरीला आमची बोट लांब समुद्रात नांगर टाकायची. माणसं आणि सामान पडावातून किनाऱ्याला जायचं. पडाव म्हणजे रुंद पोटाची मोठी होडी. एरवी आम्ही थोडा वेळ थांबून पुढे निघायचो, पण त्या दिवशी इंजिनाचा पंप गेला. त्याचा भाग गावातल्या वर्कशॉपमधून करून आणायचा होता. म्हणजे बोट दिवसभर तिथेच.

ती बाई, शालन तिचं नाव, बाळंतपणासाठी विजयदुर्गला माहेरी निघाली होती. नवरा, मधुकर, मुंबईला गिरणीत होता. एस.टी.चे धक्के नकोत म्हणून मुद्दाम बोटीने आले. रत्नागिरी दिसायला लागली आणि तिला रक्त जायला लागलं. बोटीवर डॉक्टर नव्हता. आमच्या पेटीत आयोडिन, कापूस आणि डोकेदुखीच्या गोळ्या होत्या.

सुन्या असेल अडीच वर्षांचा. मला मुलांचा सराव नव्हता. माझी स्वतःची दोन मुलं बायकोने वाढवली, मी घरी पाहुण्यासारखा. सारंग इब्राहिमभाई, म्हणजे खलाशांचा मुकादम, मला म्हणाला, आधी पोराच्या कमरेला दोरी बांधा, मग काय तो खेळ करा. डेकचा कठडा मोठ्यांसाठी केलेला असतो, मूल खालच्या फटीतून सहज जातं. त्याने मऊ दोरी आणून स्वतः गाठ मारली. दुसरं टोक माझ्या मनगटाला.

पोर रडत नव्हतं, तेच वाईट होतं. प्रत्येक पडाव आला की ते मला ओढत कठड्याशी न्यायचं, बोट दाखवायचं आणि विचारायचं, "ह्यात?"

पडावात पाण्याची पिंपं असायची, भाजी असायची, कधी नवे प्रवासी. डेकवरच्या बायका त्याला कुरवाळून सांगायच्या, ह्यात नाही राजा, पुढच्यात हां. स्टुअर्ड बिस्किट देऊन तेच सांगायचा. मी म्हणायचो, "ठाऊक नाही." एक म्हातारी माझ्यावर चिडली. म्हणाली, एवढंसं लेकरू, गोड बोलायला तुझं काय जातं? काही जात नव्हतं. पण मला सवय नव्हती.

मग मी त्याला माझ्या ऑफिसात नेलं आणि तिकिटं पंच करायची चिमटी काढली. रद्द झालेली जुनी तिकिटं होती, पिवळी आणि गुलाबी. मी दाबायचो, भोक पडायचं, आणि कागदाच्या टिकल्या खाली पडायच्या. तो त्या मुठीत गोळा करायचा आणि पुढच्या पडावावर उधळायचा. आईसाठी. दुपारपर्यंत माझा अंगठा सुजला. पण मूल जेवलं, माझ्या खुर्चीत झोपलं, आणि झोपेतही मूठ सोडली नाही त्याने.

तो झोपलेला असताना फिटर पंपाचा भाग घेऊन आला. पडाव हाकणाऱ्या तांडेलाने मला बाजूला घेतलं. बाई दवाखान्यात पोचली आणि थोड्या वेळात गेली. पोटातलंही गेलं. नवरा तिथेच आहे, सह्या करतोय, शेवटच्या पडावाने पोराला न्यायला येईल.

मी ऑफिसचं दार लावून घेतलं आणि उगाच तिकिटं पंच करत बसलो. त्यानंतरचे तास मला अजून नकोसे वाटतात. मूल उठलं, हसलं, आणि चिमटी मागायला लागलं.

कॅप्टनने बोलावून विचारलं, "पर्सर, पंप बसला की मी निघणार. समुद्र फुगतोय. बाप आला नाही तर?"

"मी गोव्याला नेतो आणि परतीच्या फेरीत आणतो."

"पालकाशिवाय मूल नेता येणार नाही. शेवटच्या पडावात घालून पोलिसांकडे द्या."

कॅप्टन माणूस वाईट नव्हता. मे संपत आला होता आणि त्याला दोनशे प्रवाशांची काळजी होती.

मधुकर आला. पडावात एकटाच उभा होता, हातात बायकोची पिशवी. लाटेने पडाव पुरुषभर वर यायचा आणि तेवढाच खाली जायचा. त्याला वर चढू देणं शक्य नव्हतं, मूलच खाली द्यायचं होतं. ह्याची रीत ठरलेली असते. शिडीच्या तळाशी सारंग मूल धरून उभा राहतो. पडाव वर आला की क्षणभर दोन्ही सारखे होतात, तेवढ्यात द्यायचं. मूल गप्प असलं तरच हे जमतं. वळवळलं तर हात चुकतो, आणि मधल्या पाण्यात पडलेलं माणूस बोट आणि पडाव यांच्यामध्ये चिरडतं.

मधुकरने खालून हाक मारली. "ये सुन्या. आईनं बोलवलान तुला."

सुन्याने पडावात नीट पाहिलं. बापाच्या मागे पाहिलं. मग शिडीची साखळी दोन्ही हातांनी धरली आणि म्हणाला, "फुडच्यात." सारंगाने उचलला तशी लाथा झाडायला लागला, चावला. बाप खालून आई, आई म्हणत राहिला, आणि जितकं तो म्हणे तितकं पोर मागे ओढी. वरून कॅप्टनने शिट्टी दिली.

इब्राहिमभाई मला म्हणाला, "सायेब, असा वळवळला तर मी नाय देनार. खाली गेला तर गेला."

मी शिडीच्या पायरीवर बसलो. सुन्याचं तोंड माझ्याकडे वळवलं. "सुन्या, पुढचा पडाव नाही. आई येणार नाही."

बापाने खाली ऐकलं. सुन्या माझ्याकडे बघत राहिला. दिवसभरात मी त्याला पुढच्यात असं एकदाही म्हणालो नव्हतो, बहुतेक म्हणूनच त्याने ऐकलं. किती समजलं, देव जाणे. साखळी सोडली त्याने. सारंगाने दोरीची गाठ सोडली, पडाव वर आला, आणि मूल बापाच्या हातात गेलं.

मधुकर त्याला छातीशी धरून मटकन खाली बसला. पडाव सुटताना म्हणाला, "बरं झालं सायब, तुमी सांगितलात. माज्या तोंडातनं नसतं आलं."

मला बरं काही वाटलं नाही.

आम्ही निघालो. विजयदुर्गला पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. पहिल्याच पडावात एक म्हातारा उभा होता. त्याने फळीवर घोंगडी चौपदरी घालून ठेवली होती, लेकीला बसायला. वर बघून विचारत होता, आमची शालन कुठल्या बाजूने उतरतेय?

कोणीतरी त्याला म्हणालं, थांबा जरा, पर्सरसाहेब सांगतील. मी तसाच शिडी उतरून पडावात गेलो आणि पहिल्याच वाक्यात सांगितलं. बोट येणार नसेल तर माणसाला धक्क्यावर बसवून ठेवू नये. एवढंच मी नोकरीत शिकलो.